गाडगेबाबांची वाणी

बोलणारे पुष्कळ असतात, परंतु ऐकणाऱ्याचे मन वळते ते थोड्यांच्याच बोलण्याने. असे का व्हावे? सुमारे 2300 वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने या प्रश्नाचा विचार करून मन वळविण्याची तीन साधने सांगितली: वक्त्याच्या शीलावरील विश्वास, श्रोत्यांच्या हृदयात जागणारी भावना आणि बुद्धीला पटणारा युक्तिवाद. हे शास्त्र ज्यांनी कधी वाचले नाही, अशा एका निरक्षर सत्पुरुषाच्या ठायी ही तिन्ही साधने एकवटलेली आम्हांस दिसतात. ते सत्पुरुष म्हणजे संत गाडगेबाबा.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाला लागूनच असलेल्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव येथे, 23 फेब्रुवारी 1876 रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. दारूच्या व्यसनापायी वडील अकाली वारले. डेबूजी दापुरे गावी मामाच्या घरी गुरे राखीत, शेतात राबत वाढले. सावकारी कर्जाने कष्टकऱ्याची जमीन कशी गिळली जाते, हे त्यांनी घरातच पाहिले. 1905 साली त्यांनी घरादाराचा त्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार उरला. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले.

गावात पाऊल ठेवताच बाबा प्रथम रस्ते झाडीत आणि मगच रात्री कीर्तनास उभे राहत. त्यामुळे स्वच्छतेचा उपदेश ऐकण्यापूर्वीच लोकांनी तो पाहिलेला असे. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या; स्वतःसाठी मात्र काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. अशा माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार नाही?

त्यांची भाषा अस्सल वऱ्हाडी, म्हणजे आपल्याकडील घराघरांतल्या बोलीची सख्खी बहीणच. दारू, कर्ज, पशुबळी यांविषयी ते बोलू लागले की श्रोत्यांना स्वतःच्याच घरची दुःखे डोळ्यांसमोर दिसत. तरीही स्वतःच्या दुःखाचे भांडवल त्यांनी कधी केले नाही. पुत्र गोविंद याच्या निधनाची वार्ता आली, तेव्हाही त्यांनी चालू कीर्तन थांबविले नाही.

आणि त्यांचा युक्तिवाद? तो प्रश्नांच्या रूपाने येई. देवळातील देव पाहण्यास दिवा लागतो. मग थोर देव की दिवा, असे ते विचारीत. देवापुढील नैवेद्याला कुत्रे तोंड लावू लागले, तर त्याला हाकलतो कोण, असेही विचारीत. श्रोते हसत, उत्तर देत आणि उत्तर देता देताच विचारात पडत. निष्कर्ष बाबा लादीत नसत. तो ज्याचा त्याने काढावा, अशी त्यांची रीत होती. जेवणाचे ताट विकून भाकर हातावर खावी लागली तरी चालेल, पण मुलांना शाळेत घालावे, हा त्यांचा कळकळीचा आग्रह असे.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीनजीक प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. निरक्षर पुरुषाचा याहून मोठा गौरव कोणता?

विद्यार्थी बंधुभगिनींनो, पुढे आपणांस अनेक वक्ते भेटतील, अनेक लेख वाचनात येतील. कोणी रडवील, कोणी भडकवील, कोणी आकड्यांनी दिपवील. अशा वेळी आपण तीन प्रश्न मनाशी विचारावे. हा बोलतो तसा वागतो काय? हा आपल्या भावना आपल्या हितासाठी जागवितो, की स्वतःच्या लाभासाठी? आणि याचे म्हणणे विचाराच्या कसोटीस उतरते काय? या तिन्ही कसोट्यांस जी वाणी उतरेल, तिच्यामागे खुशाल जावे. आणि आपणांस कधी सभेत बोलण्याचा प्रसंग आलाच, तर त्याआधी खराटा हाती घ्यावा, हेच बाबांच्या चरित्राचे सार आम्हांस वाटते.