स्थापत्यविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

खानदेशातून मुंबईस जाण्याचे लोहमार्ग दोन : एक भुसावळ-चाळीसगावावरून बोरीबंदरास जाणारा, आणि दुसरा आपल्या दोंडाईच्यावरून सुरतेस पोहोचून तेथून मुंबईकडे वळणारा. बोरीबंदर येथे मध्य रेल्वेची मुख्य कचेरी आहे व चर्चगेट येथे पश्चिम रेल्वेची. या दोन्ही भव्य इमारतींचा रचनाकार एकच होता, ही गोष्ट नित्य प्रवास करणाऱ्यांपैकीही थोड्यांसच ठाऊक असेल.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ साली इंग्लंडातील बाथ नगरी झाला. १८६२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी तेथील एका स्थापत्यकाराजवळ उमेदवारी पत्करली व तिच्यात पाच वर्षे घालविली. १८६७ साली सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीवर ते हिंदुस्थानात आले आणि प्रथम पुण्यास रुजू झाले. पुढे मुंबईस बदली झाल्यावर त्यांनी खलाशांसाठी बांधलेली वास्तू १८७६ साली पूर्ण झाली. आज तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे.

या कामाने त्यांचा लौकिक झाला व बोरीबंदर स्थानकाची योजना त्यांच्याकडे आली. प्रथम त्यांनी युरोपात जाऊन तेथील मोठी स्थानके डोळ्यांखाली घातली. १८७८ साली आरंभलेले बांधकाम दहा वर्षे चालले व त्यास सुमारे सोळा लक्ष रुपये लागले. मधला घुमट तर बांधकामातील एक नवलच होय. खालून लाकडी आधार न देता, दगडी फासळ्या खाचांनी एकमेकींत गुंतवून तो उभारला आहे. कमानींची घडण इटलीच्या धर्तीची असली, तरी एकंदर मांडणीत हिंदी राजवाड्यांची छाया दिसते.

परंतु एवढे कार्य एका पुरुषाच्या हातून कसे व्हावे? रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे एतद्देशीय साहाय्यक बांधकामाची देखरेख करीत होते. भिंतींवरील पाने, फुले, पक्षी व पशू यांचे कोरीव काम पुष्कळसे जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले. ज्याने स्वतः उमेदवारीत विद्या मिळविली, त्याच्या कीर्तिमंदिरास शिकाऊ मुलांच्या छिन्नीने शोभा आणावी, हे उचितच झाले.

१८८४ साली सरकारी नोकरी सोडून स्टीव्हन्स यांनी स्वतंत्र धंदा आरंभिला. मुंबई महानगरपालिकेचे सभागृह १८९३ साली पुरे झाले व चर्चगेटची कचेरी १८९९ साली. त्यानंतर पुढल्याच वर्षी, मार्च १९०० मध्ये, हिवतापाने त्यांचा अंत झाला. वय अवघे बावन्न. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचा देह विसावला आहे.

पुढे राज्य पालटले. राणी व्हिक्टोरियाचे नाव जाऊन १९९६ साली स्थानकास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव लाभले. २००४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला. सत्ता जाते, नावे बदलतात. मन लावून घडविलेला दगड मात्र राहतो. आपल्यातील पुष्कळ पालकांस लेखणीची नोकरी तेवढी प्रतिष्ठेची वाटते व हातांचे काम हलके वाटते. त्यांनी एकवार बोरीबंदरच्या भिंतींकडे मान वर करून पाहावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही हेही ध्यानात ठेवा की, ती कोरणारे बहुतेक हात आज अनामिक आहेत. तथापि त्यांनी आपल्या कामात कसूर केली नाही.