गव्हावरच्या तांबेऱ्याशी लढताना आजही लागतं डी. डी. कोसंबींचं गणित

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की इतिहासकार आठवतो. गहू संशोधक मात्र त्यांना एका सूत्रामुळे ओळखतात. हे दोन्ही कोसंबी एकच, हे त्यातल्या कित्येकांना ठाऊकही नसेल.

31 जुलै 1907 ला गोव्यात जन्म. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे नावाजलेले अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले, 1929 मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. बनारस, अलीगढ करत 1933 ला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. तिथे असतानाच, 1944 मध्ये, त्यांचा अवघ्या चार पानांचा शोधनिबंध लंडनच्या एका नियतकालिकात आला.

विषय काय? गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर.

रत्नागिरीहून चिपळूणला जाताना वाटेत संगमेश्वर लागतं. दोन टप्प्यांचे किलोमीटर जोडले की झालं. जनुकांचं तसं नाही. तिथे अंतर मोजतात ते पुढच्या पिढीत दोन जनुकांची किती टक्के ताटातूट झाली यावरून. दोन्ही टप्प्यांत एकदमच अदलाबदल झाली, तर टोकाची जनुकं पुन्हा एकत्र दिसतात आणि ती ताटातूट मोजलीच जात नाही. म्हणून 20 आणि 20 टक्क्यांची बेरीज 40 येत नाही. हाल्डेन यांच्या 1919 च्या सूत्राने ती 32 येते. पण एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरला. त्यांचं उत्तर साधारण 34.5.

फरक किरकोळ वाटतो ना? पण तांबेरा ही बुरशी उभं पीक खाते. तिला रोखणारं जनुक गव्हाच्या कोणत्या गुणसूत्रावर, नेमकं कुठे आहे हे कळलं, तर त्याच्या जवळची खूण रोपातच तपासता येते. रोग पडायची वाट बघावी लागत नाही. असे नकाशे काढताना कोसंबींचं सूत्र आजही सर्रास वापरतात.

पुढे होमी भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये बोलावलं. पुणे-मुंबई ये-जा डेक्कन क्वीनने. त्याच काळात इतिहासावरची गाजलेली पुस्तकं आली. 1959 मध्ये त्यांनी गणितातलं प्रसिद्ध रीमान कोडं सोडवल्याचा दावा केला, तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात! तो चुकीचा निघाला, नावाला धक्का बसला. 1962 मध्ये संस्थेने करार वाढवला नाही.

29 जून 1966 ला पुण्यात ते गेले. वय होतं 58.