रँग्लर नारळीकर आणि न मिटलेले खाते

एप्रिल १९९१ ची सुरुवात माझ्या चांगली लक्षात आहे. मी तेव्हा सांगलीत बँकेत होतो. वर्षअखेरीचा ताळा जुळत नव्हता. फरक अवघा ४७ रुपयांचा. मध्यरात्र उलटल्यावर ती रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकली आणि घरी गेलो. सस्पेन्स खाते म्हणजे फरक आहे हे कबूल, पण कशाचा ते अजून ठाऊक नाही, अशी प्रामाणिक नोंद. त्याच सुमारास वर्तमानपत्रात वाचले, की १ एप्रिलला प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर निवर्तले.

मला साताऱ्याचे घर आठवले. वडील तिथे शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या बोलण्यात दोन रँग्लर हमखास येत, एक परांजपे आणि दुसरे हे नारळीकर. आपण जन्मभर नुसते शिकवले, शोध काही लावला नाही, ही वडिलांची खंत. मग एवढ्या बुद्धिमान माणसाने केंब्रिज सोडून शिकवायला परत का यावे, हे कोडे त्यांना कधी उलगडले नाही.

नारळीकरांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूरचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. काळ मोठा विलक्षण होता. १९२९ साली अमेरिकेत एडविन हबल यांनी मोजमापांनिशी दाखवले, की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत. जितकी दूर, तितकी वेगाने. आमच्या तासगावचे बेदाणे घालून मळलेले पावाचे पीठ फुगू लागले, तर प्रत्येक बेदाण्याला बाकीचे सगळे लांब सरकताना दिसतील. विश्वाचे तसेच आहे. सापेक्षतावादाचे थोर भाष्यकार एडिंग्टन तेव्हा केंब्रिजच्या वेधशाळेचे प्रमुख होते.

अशा ऐन भरात, १९३२ साली, पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात आले. वय अवघे चोविशीचे. तिथे त्यांनी अठ्ठावीस वर्षे काढली. सापेक्षतावादाचा अभ्यास देशात फार थोड्या ठिकाणी होत असताना त्यांनी विद्यार्थी घडवले. गुजरातेतले प्रह्लाद चुनीलाल वैद्य १९४२ मध्ये त्यांच्याकडे शिकायला आले ते साठवलेल्या पैशांवर. वर्षभरात वैद्यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले. ते आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे नारळीकर १९६० मध्ये राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६६ पासून १९७३ पर्यंत पुणे विद्यापीठात प्राध्यापक होते.

आता पुन्हा सस्पेन्स खात्याकडे येऊ. विश्व स्थिर राहावे म्हणून आइन्स्टाइनने १९१७ साली आपल्या समीकरणात एक जादा पद घातले होते. प्रसरणाचा पुरावा मिळाल्यावर १९३१ मध्ये त्याने ते काढून टाकले. खाते बंद झाले, असे पुष्कळांना वाटले. पण नारळीकर गेल्यावर सात वर्षांनी, १९९८ मध्ये, शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी दूरच्या स्फोट पावलेल्या ताऱ्यांचा उजेड मोजला. तो अपेक्षेपेक्षा मंद निघाला. म्हणजे तारे अधिक दूर होते आणि प्रसरणाचा वेग मंदावण्याऐवजी वाढत होता. वर फेकलेला चेंडू परत येण्याऐवजी अधिकाधिक वेगाने वर जावा, तसाच हा प्रकार.

या ढकलणाऱ्या कारणाला डार्क एनर्जी, म्हणजे कृष्णऊर्जा, असे नाव मिळाले. विश्वाच्या एकूण जमेत तिचा वाटा सुमारे ६८ टक्के धरतात. या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले. पण ती नेमकी काय आहे, हे अजून कोणालाच सांगता येत नाही. आइन्स्टाइनने खोडलेले पद मात्र पुन्हा लिहावे लागले. मे २०२५ मध्ये निवर्तलेले चिरंजीव डॉ. जयंत नारळीकर तर महास्फोटाच्या सिद्धान्ताबद्दलच शंका घेत आले. चांगल्या ऑडिटरसारखी त्यांनी या नोंदीवर सहजी सही केली नाही. २०२४ आणि २०२५ च्या मोजमापांतून ही ऊर्जा काळानुसार बदलत असावी, असाही संशय पुढे आला आहे.

आमचे ४७ रुपये जूनमध्ये सापडले. विश्वाचे खाते अजून उघडेच आहे. ते वाचता येणारी माणसे आपल्याकडे तयार झाली, याचे बरेच श्रेय बनारसच्या फळ्यावर वर्षानुवर्षे तीच समीकरणे लिहिणाऱ्या त्या शिक्षकाला आहे. वडिलांच्या कोड्याचे उत्तर मला हेच वाटते. मात्र हे त्यांना सांगायचे राहून गेले.