क्रिस्तीआन हायगेन्झ आणि त्यांचा लंबक

हॉलंडमधील हेग नगरात १४ एप्रिल १६२९ रोजी क्रिस्तीआन हायगेन्झ ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कॉन्स्टंटाइन हे नामांकित कवी आणि दरबारी मुत्सद्दी होते. क्रिस्तीआन आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. परंतु मुलांच्या शिक्षणात वडिलांनी काही उणे पडू दिले नाही. त्यांनी घरीच शिक्षक ठेवून मुलांना भाषा, संगीत आणि गणित शिकविले. क्रिस्तीआन ह्यांना पुस्तकांइतकाच यंत्रांच्या प्रतिकृती करण्याचाही नाद होता. पुढे लायडनच्या विद्यापीठात ते कायदा शिकावयास गेले, पण त्यांचे मन रमले ते गणितातच.

भावाच्या साहाय्याने स्वतः भिंगे घासून त्यांनी उत्तम दुर्बीण तयार केली आणि १६५५ साली तिच्यातून शनीचा टायटन हा उपग्रह शोधून काढला. आकाशाचे वेध घ्यावयाचे तर वेळ अचूक कळली पाहिजे. त्या काळची चांगली घड्याळेही दिवसाकाठी पाव तास पुढे-मागे होत. तेव्हा हायगेन्झ घड्याळाकडे वळले.

दोरीला टांगलेले वजन लहान झोके घेते, तेव्हा प्रत्येक झोक्यास जवळजवळ सारखाच वेळ लागतो, हे इटलीच्या गॅलिलिओने पूर्वीच ओळखले होते. तुम्हीही दोऱ्याला खडा बांधून हे पाहू शकाल. खडा जड असो वा हलका, झोक्याचा वेळ बदलत नाही. दोरा चौपट लांब केला, तर मात्र तो दुप्पट होतो. हायगेन्झ ह्यांनी १६५६ साली असा लंबक घड्याळास जोडला आणि दिवसाची चूक पंधरा मिनिटांवरून सुमारे पंधरा सेकंदांवर आली! झोका मोठा असला म्हणजे त्यास किंचित अधिक वेळ लागतो; हा दोषही गणिताने कसा काढावा, हे त्यांनी शोधले. १६७३ साली ह्या सर्व विषयावर त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर ते पॅरिसला विज्ञान अकादमीत काम करू लागले होते.

ह्या ग्रंथात त्यांनी एक सुंदर कल्पना मांडली होती. निरनिराळ्या देशांत लांबीची निरनिराळी मापे चालत. ज्या लंबकाला एका बाजूहून दुसऱ्या बाजूस जाण्यास नेमका एक सेकंद लागतो, त्याच्या लांबीचा तिसरा भाग सर्व जगाने माप म्हणून घ्यावा, असे त्यांनी सुचविले. असे माप हरवणार नाही. लंबक टांगला की ते पुन्हा मिळेल.

परंतु दक्षिण अमेरिकेहून विपरीत वार्ता आली. अकादमीने झां रिशे ह्या ज्योतिर्विदास १६७२ साली विषुववृत्ताजवळच्या केयेन बेटावर वेध घेण्यासाठी पाठविले होते. पॅरिसमध्ये अचूक चालणारा लंबक तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागला. त्याची लांबी जवळजवळ तीन मिलिमीटर कमी करावी, तेव्हा कोठे तो नीट चाले. उष्णतेने लंबकाची दांडी लांबली असेल, अशी शंका घेतली गेली. एकाच माणसाच्या निरीक्षणावर विसंबून राहण्यास हायगेन्झही तयार नव्हते. आणि वार्ता खरी असेल, तर त्यांचे जागतिक माप गावोगाव बदलणार होते!

मात्र ह्या कोड्याची किल्ली त्यांच्याच गणितात होती. लंबकाला बाजूस नेऊन सोडले की गुरुत्वाकर्षण त्यास खाली ओढते. ही ओढ सौम्य झाली, तर तो सावकाश खाली येतो आणि झोक्यास अधिक वेळ लागतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. गोफणीतील दगड जसा बाहेर जाऊ पाहतो, तशीच फिरत्या पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू किंचित बाहेर जाऊ पाहते. विषुववृत्तावर हा वेग सर्वांत जास्त. म्हणून तेथे ओढ सुमारे २८९ व्या हिश्श्याने कमी होते, असे त्यांनी गणिताने काढले.

ह्याची परीक्षा समुद्रावर झाली. १६८१ साली आजारपणामुळे हायगेन्झ हेगला परतले होते. जहाजाचा रेखांश काढावयाचा, तर स्वदेशातील अचूक वेळ जवळ हवी. घड्याळ चार मिनिटे चुकले की रेखांश एक अंशाने चुकतो. म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे १११ किलोमीटर. त्यांची लंबकाची घड्याळे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या आल्कमार ह्या जहाजावर चढविण्यात आली. (ह्याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यासही होती.) १६८७ साली जहाज केप ऑफ गुड होपहून परत आले. घड्याळांवरून मार्ग आखला, तर जहाज आयर्लंडच्या भूमीवरून चालत आलेले दिसे! हायगेन्झ ह्यांनी प्रत्येक अक्षांशावर लंबक किती मागे पडावयास हवा, ते काढून वेळ दुरुस्त केली. तेव्हा नकाशावरची ती रेघ पश्चिमेस सरकून समुद्रात आली.

पुढच्या सफरीत घड्याळांनी निराशा केली, आणि समुद्रावरचा रेखांशाचा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्यानेही तेथील ओढ कमी होते. तो हिशेब न्यूटनचा अधिक बरोबर ठरला. १६८९ साली हायगेन्झ इंग्लंडला जाऊन न्यूटनला भेटले. त्याच्या बुद्धीचे त्यांना मोठे कौतुक होते. पण रिकाम्या अवकाशातून एक वस्तू दुसरीस ओढते, ही गोष्ट त्यांना अखेरपर्यंत पटली नाही. ८ जुलै १६९५ रोजी हेग येथे त्यांचे निधन झाले.

१४ जानेवारी २००५ रोजी टायटनवर एक यान उतरले. त्याला हायगेन्झ हेच नाव दिले होते. टायटनवरील ओढ पृथ्वीच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकीच आहे. पृथ्वीवर एका सेकंदात या बाजूहून त्या बाजूस जाणारा लंबक तेथे टांगला, तर त्यास सुमारे पावणेतीन सेकंद लागतील.