डॉ. सर हरिसिंह गौर आणि सागरचे विद्यापीठ

बुंदेलखंडातील सागर हे नाव इतिहास वाचलेल्या मराठी माणसास परके नाही. छत्रसालाने थोरल्या बाजीरावास दिलेल्या मुलखाचा कारभार पाहण्यासाठी गोविंदपंत खेर, म्हणजेच आपले गोविंदपंत बुंदेले, तिकडे गेले. मोठ्या तलावाच्या काठी वसलेल्या त्या गावास त्यांच्या अमदानीत नगराचे रूप आले, आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी कुटुंबे तेथलीच होऊन राहिली. १८१८ साली सागर इंग्रजांकडे गेले. त्यानंतर लष्कराची छावणी, जिल्ह्याची कचेरी, विड्या वळणारी घरे आणि तलावावरचे घाट एवढीच त्या गावाची मिळकत. अशा ठिकाणी विद्यापीठ निघू शकेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तो ज्यांच्या मनात आला आणि ज्यांनी तो स्वतःच्या पैशाने खरा केला, ते हरिसिंह गौर याच गावात २६ नोव्हेंबर १८७० रोजी जन्मले.

घरची स्थिती बेताची. मुलगा मात्र विलक्षण हुशार. सागरातील शाळा संपली की पुढच्या शिक्षणासाठी गाव सोडण्यावाचून त्या काळी गत्यंतर नव्हते. गौर प्रथम जबलपुरास गेले, तेथून नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयात आणि तेथून थेट केंब्रिजला. डाउनिंग महाविद्यालयातून पदवी आणि इनर टेंपलमधून बॅरिस्टरी घेऊन ते परतले, तेव्हा त्यांचे वय बावीसच्या आसपास होते. म्हणजे शिकायचे तर प्रत्येक पायरीवर आधीच्यापेक्षा मोठ्या शहराकडे जायचे, हा धडा त्यांना कोवळ्या वयातच मिळाला होता. तसा तो अनेकांना मिळतो. बहुतेकजण तो निमूटपणे स्वीकारतात आणि पुढे आपल्या मुलांनाही तोच देतात. गौरांच्या मनात मात्र तो सलत राहिला असावा, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता वाटते.

वकिलीत त्यांनी अमाप यश मिळवले. रायपूर आणि नागपूर येथे त्यांचा जम बसला. मालमत्तेच्या हस्तांतरणाचा कायदा, दंडसंहिता आणि हिंदू कायदा यांवरील त्यांचे जाडजूड ग्रंथ देशभरच्या कचेऱ्यांतून वापरले जाऊ लागले. नागपूरच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. केंद्रीय विधिमंडळात गेल्यावर १९२१ साली त्यांनी हिंदुस्थानात सर्वोच्च न्यायालय असावे, अशी मागणी केली. १९२३ साली विशेष विवाहाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना धर्म न नाकारता आपसांत नोंदणी विवाह करण्याची मोकळीक मिळाली, तीही त्यांच्याच खटपटीने. या एकेका गोष्टीवर स्वतंत्र लेख व्हावा. येथे मात्र आपल्याला त्यांच्या जीवनातील तीन शहरांकडे आणि तीन विद्यापीठांकडे पाहायचे आहे.

पहिले दिल्ली. १९२२ साली तेथे विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिले कुलगुरू म्हणून गौरांची नेमणूक झाली. विद्यापीठाच्या पदरी सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस अशी तीन महाविद्यालये होती. तिन्ही विद्यापीठाहून वयाने मोठी, तिन्हींचे चालक वेगळे. शेजारी नव्या राजधानीचे बांधकाम चालू होते आणि सरकारचे लक्ष व पैसा तिकडे लागलेला. विद्यापीठास स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते. व्हाइसरॉय नव्या प्रासादात राहावयास गेल्यावर त्यांनी सोडलेली जुनी वास्तू १९३३ साली विद्यापीठास लाभली, तेव्हा गौरांची कारकीर्द संपून सात वर्षे झाली होती. राजधानीतल्या विद्यापीठास विद्यार्थ्यांची ददात नसते. कचेऱ्या वाढतात तशी कारकुनांची आणि अधिकाऱ्यांची मुले येतात. पण विद्यापीठ त्या शहराच्या अनेक गोष्टींपैकी एक असते, आणि सरकारच्या यादीत त्याचा क्रमांक बराच खाली असू शकतो. १९२६ पर्यंत चार वर्षे गौरांनी हा अनुभव घेतला. त्या काळात १९२४ साली तेथे कायद्याच्या शिक्षणाची शाखा सुरू झाली, ही या कायदेपंडितास शोभेशीच गोष्ट.

दुसरे नागपूर. येथील विद्यापीठ १९२३ चे. त्याचे कुलगुरुपदही गौरांकडे आले. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी. वकील, न्यायालये, कापसाचा व्यापार, जुनी महाविद्यालये, सारे तेथे होतेच. प्रांतभरची महाविद्यालये संलग्न करणे, त्यांच्या परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे या विद्यापीठाचे मुख्य काम. राजधानीस तेवढे पुरेसे होते, कारण उरलेले शहरच पुरवत असे. शहरात संपत्ती होती, म्हणून रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्यासारख्या उद्योजकाचे मृत्युपत्र विद्यापीठास तंत्रविद्येची संस्था देऊ शकले. सागर, दमोह, जबलपूरकडील हिंदी जिल्ह्यांतील विद्यार्थी मात्र या व्यवस्थेच्या पार टोकाशी उभा होता.

गौर पंचाहत्तरीस पोचले तेव्हा त्यांच्याजवळ कीर्ती होती, सर ही पदवी होती आणि मोठी संपत्ती होती. ती त्यांनी नागपुरास दिली असती तर एखादी इमारत किंवा एखादे अध्यासन उभे राहिले असते. दिल्लीस दिली असती तर नावाची एक पाटी लागली असती. सागरास दिल्यावर तिचे विद्यापीठ झाले. हिशेब इतका सरळ आहे की तो इतरांना का सुचला नाही, याचेच नवल वाटते. अर्थात शहाण्या माणसांचे आक्षेपही सरळच असणार. लाखाच्या आतले गाव, मुख्य लोहमार्गापासून बाजूला, बिना आणि कटनी यांच्यामधल्या फाट्यावर. तेथे प्राध्यापक कोण येणार? आले तर टिकणार कसे? मुले शिकून कोणाच्या कचेरीत जाणार?

१८ जुलै १९४६ रोजी विद्यापीठ सुरू झाले. गौरांनी आरंभी वीस लाख रुपये दिले आणि पहिले कुलगुरुपद स्वतःकडे घेतले. वर्ग भरले ते गावाबाहेर मकरोनिया येथे, महायुद्ध संपल्यावर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकींत. दिल्लीच्या वाट्याला व्हाइसरॉयचे सोडलेले घर आले, सागरच्या वाट्याला शिपायांचे. कालांतराने पथरियाच्या टेकडीवर शेकडो एकरांचा परिसर तयार झाला. एवढी जमीन कोणत्या राजधानीत मिळाली असती?

लहान गाव विद्यापीठास काय देऊ शकत नाही, ते आरंभीच उघड झाले. भाड्याची घरे नाहीत म्हणून वसतिगृहे आणि प्राध्यापकांची निवासस्थाने बांधावी लागली. मोठी ग्रंथालये जवळ नाहीत म्हणून ग्रंथसंग्रह स्वतःच करावा लागला. संध्याकाळी प्राध्यापकास जाण्यासारखी दुसरी जागा नाही, म्हणून विद्यार्थ्यास तो टेकडीवरच भेटे. मोठ्या शहरातील विद्यार्थी व्याख्यान संपताच गर्दीत नाहीसा होतो, तसे येथे होणे कठीण.

आणि गावाने दिले तेही थोडे नाही, फक्त ते ओळखणारा हवा होता. सागरच्या आसपास दक्खनचा काळा कातळ आणि विंध्याचा वालुकाश्म एकमेकांस भेटतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यास वर्गाचे दार उघडले की धडा समोर. हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले डब्ल्यू. डी. वेस्ट हे इंग्रज शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर या विभागाचे प्रमुख होऊन आले आणि परत गेलेच नाहीत. १९९४ मध्ये सागरातच त्यांचा अंत झाला. प्राध्यापक टिकणार कसे, या शंकेस याहून वेगळे उत्तर नको. जिल्ह्यातच गुप्तकालीन अवशेषांचे एरण आहे. १९६० नंतर कृष्णदत्त वाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाने तेथे उत्खनन केले. पोलीस प्रशिक्षणाची जुनी संस्था गावात होती, आणि त्याच गावात १९५९ साली गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञानाचा विभाग निघाला, देशातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या विभागांपैकी एक. बराकी, कातळ, पोलीस, पडके देवालय! सागरजवळ जे होते, त्याचेच शास्त्र झाले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीस महाकोशलातील महाविद्यालये सागरशी जोडलेली होती. मग मोठी शहरे एकामागून एक जागी झाली. १९५६ मध्ये जबलपूर, १९५७ मध्ये उज्जैन, १९६४ मध्ये रायपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर, १९६८ मध्ये रीवा. प्रत्येक नव्या विद्यापीठाबरोबर कुठला ना कुठला मुलूख सागरच्या कक्षेबाहेर गेला किंवा तिच्याकडे येण्याची शक्यता संपली. भोपाळ राजधानी झाल्यावर सत्तेचे केंद्रही तिकडे सरकले. आपल्या मागे उभे राहील असे मोठे शहर सागरास नव्हते. उरले ते टेकडीवरचे विभाग आणि संस्थापकाचे दान. त्याच बळावर ते तगले. १९८३ मध्ये विद्यापीठास गौरांचे नाव देण्यात आले आणि २००९ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झाले.

यातले फारच थोडे गौरांनी पाहिले. ते संविधान सभेचे सदस्य होते, आणि सभेने संविधान स्वीकारले तो दिवस, २६ नोव्हेंबर १९४९, त्यांच्या एकोणऐंशीव्या वाढदिवसाचा. त्यानंतर बरोबर एका महिन्याच्या आत, २५ डिसेंबर रोजी, सागरातच त्यांचे निधन झाले. विद्यापीठ तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचे होते आणि अजून बराकींतच भरत होते. मृत्युपत्राने त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग त्यालाच दिला होता. आज गावातील तीनबत्ती चौकात त्यांचा पुतळा आहे. दरवर्षी २६ नोव्हेंबरला त्याला हार घालण्यासाठी लोक जमतात. त्यांत प्राध्यापक असतात, विद्यार्थी असतात, आणि ज्यांची मुले घरची भाकर खाऊन, गाव न सोडता पदवीधर झाली, असे गावकरीही असतात.