व्हिस्कीला वय देणारा नेमस्त पुढारी

मद्याच्या दुकानातील फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीवर १२ आणि दुसरीवर १८ हा आकडा असतो. किमतीतील तफावत पाहून गिऱ्हाईक दबते आणि मोठा आकडा म्हणजे उत्तम माल असे मनाशी ठरवून टाकते. व्हिस्कीच्या या वयाला ब्रिटनमध्ये कायद्याचा आधार मिळाला तो एखाद्या शौकिनामुळे नव्हे, तर मद्याच्या हाडवैऱ्यामुळे. त्याचे नाव डेव्हिड लॉइड जॉर्ज. पहिल्या महायुद्धातील विजयाचे शिल्पकार, माँटेग्यू घोषणेच्या वेळचे पंतप्रधान आणि सनदी सेवेला पोलादी चौकटीची उपमा देणारे साम्राज्यवादी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. दारूशी त्यांनी मांडलेल्या लढ्याची कथा मात्र तुलनेने अपरिचित आहे.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १८६३ रोजी मँचेस्टर येथे झाला. शिक्षक असलेले वडील दीड वर्षातच वारले आणि आई मुलांना घेऊन वेल्समधील लानिस्टमडवी या खेड्यात भावाच्या आश्रयाला गेली. हा मामा, रिचर्ड लॉइड, चांभारकाम करी आणि रविवारी प्रार्थनामंदिरात धर्मोपदेश देई. भाच्याने मामाचे नाव आपल्या नावात कायमचे गुंफले. वेल्सच्या त्या धार्मिक वातावरणात मद्यपान हे पाप होते. १८८४ मध्ये वकील झालेल्या या तरुणाने सभा गाजवल्या त्या दारूबंदीच्या बाजूने. १८९० च्या पोटनिवडणुकीत अवघ्या १८ मतांनी निवडून येऊन ते संसदेत गेले.

१९०८ मध्ये ते अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या गुत्त्यांवर निरोधन सुरू होते, हा एक योगायोग. दुसऱ्या वर्षीच्या गाजलेल्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्ज यांनी मद्यार्कावरील कर सुमारे एक तृतीयांशाने वाढवला आणि स्कॉटलंडच्या भट्टीवाल्यांच्या पोटात गोळा उठला. व्हिस्की किती वर्षे मुरवावी याची सक्ती असावी काय, हा प्रश्न तेव्हा शाही आयोगापुढे आला होता. १९०९ च्या अहवालात आयोगाने अशी सक्ती अनावश्यक ठरवली. कॅनडाने मात्र १८९० मध्येच ती लागू केली होती.

मग युद्ध आले. दारूगोळ्याच्या कारखान्यांत मजूर सोमवारी फिरकत नाहीत, याचे खापर लॉइड जॉर्ज यांनी गुत्त्यांवर फोडले. जर्मनी आणि ऑस्ट्रियापेक्षाही दारू हा मोठा शत्रू आहे, असे ते १९१५ च्या वसंतात उघडपणे सांगू लागले. राजे पंचम जॉर्ज यांनी राजवाड्यात मद्य बंद केले. मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांना तेवढा त्याग जमला नाही. संपूर्ण बंदी अशक्य दिसू लागली आणि कर दुप्पट करण्याचा बेत आयरिश सदस्यांनी हाणून पाडला.

या कोंडीतून वाट काढली ती जॉनी वॉकर कंपनीचे संचालक जेम्स स्टीव्हन्सन यांनी. कोवळी, जहाल दारूच माणसाला बेभान करते, तेव्हा तीच बाजारातून काढावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. मे १९१५ मध्ये कायदा झाला. पहिल्या वर्षी किमान दोन आणि पुढे किमान तीन वर्षे मद्यार्क सरकारी देखरेखीच्या गोदामात राहिलाच पाहिजे, असे ठरले. जुना साठा बाळगणाऱ्या बड्या कंपन्यांचे फावले आणि ताजा माल विकणारे छोटे उत्पादक अडचणीत आले. सुधारकाच्या हातून व्यापाऱ्यांचे भले व्हावे, ही गोष्ट राजकारणात नवी नाही. पुढे लॉइड जॉर्ज यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात (१९१६ ते १९२२) ड्यूअर बंधू आणि जेम्स ब्युकॅनन हे व्हिस्कीसम्राट लॉर्ड झाले. पदव्यांच्या विक्रीचे आरोपही याच काळातले.

तीन वर्षांचा तो दंडक स्कॉच व्हिस्कीला आजही लागू आहे. परंतु तो किमान मर्यादा सांगतो, चवीची हमी देत नाही. बाटलीवरील आकडा मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय दर्शवतो. मुरणे घडते ते ओकच्या पिंपात. बाटलीत भरल्यावर वय थांबते, त्यामुळे कपाटात वीस वर्षे जपलेली बाटली थोराड होत नाही. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते, बेंगळुरूत १० ते १२ टक्के. म्हणूनच जगदाळे कुटुंबाच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये ग्लासगोत आपली सिंगल माल्ट उतरवली ती वयाचा उल्लेख न करता. २०१३ मध्ये त्यांनी आठ वर्षांची व्हिस्की काढली तेव्हा पिंपातील बहुतेक मद्य हवेत विरले होते. बाटल्या भरल्या त्या १४४. आपल्या हवेत बारा वर्षांचा हट्ट धरणे म्हणजे बऱ्याचदा रिकाम्या पिंपाची किंमत मोजणे होय. गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातील मोहाच्या दारूला तर पिंपही नाही आणि वयही नाही.

१९२२ मध्ये सत्ता गेल्यावर लॉइड जॉर्ज यांना ती पुन्हा मिळाली नाही. जानेवारी १९४५ मध्ये त्यांना अर्ल करण्यात आले, पण लॉर्डांच्या सभागृहात बसण्यापूर्वीच, २६ मार्च रोजी, लानिस्टमडवीत त्यांचे निधन झाले. ड्वायफोर नदीच्या काठी, एका मोठ्या शिळेखाली त्यांचे दफन झाले.