फ्लॉरेन्स नाइटिंगेल : सोळा वर्षांची प्रतीक्षा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच इस्पितळाचे काळोखे दालन, जखमी सैनिकांच्या खाटा आणि हाती दिवा घेतलेली स्त्री तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु नव्वद वर्षांच्या त्या आयुष्यात युद्धभूमीवरील सेवेचा काळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा होता. त्याआधीची प्रतीक्षा आणि त्यानंतर त्यांनी फेडलेले घरचे ऋण यांविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. येथे तुम्हांस तेच सांगावयाचे आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत त्यांचा जन्म झाला व त्या नगरीचेच नाव त्यांस मिळाले. थोरली बहीण पार्थेनोपी नेपल्सला जन्मली होती, म्हणून तिला त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव. घराणे इंग्लंडमधील गर्भश्रीमंत. एक वाडा डर्बीशायरात, दुसरा हॅम्पशायरात. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन व इतिहास शिकविला. आई फॅनी यांची इच्छा एवढीच, की मुली चांगल्या घरी पडाव्यात.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, सतरावे वर्ष चालू असता, देवाने आपणांस त्याच्या सेवेसाठी पाचारण केले आहे अशी फ्लॉरेन्सबाईंची खात्री झाली. सेवा कोणती, हे मात्र उमगले नव्हते. ते उमगण्यास कित्येक वर्षे लागली आणि उमगले तेव्हा घरचेच दार बंद झाले. १८४५ साली सॅलिस्बरीच्या इस्पितळात काही महिने राहून रुग्णसेवा शिकण्याची परवानगी त्यांनी मागितली, तेव्हा आईवर जणू आकाश कोसळले. त्या माउलीला दोष देण्यापूर्वी तुम्ही त्या काळची इस्पितळे आठवावीत. परिचारिका म्हणजे दारूच्या आहारी गेलेली, चारित्र्याविषयी संशय असलेली बाई, असा सार्वत्रिक समज होता आणि तो सर्वस्वी निराधारही नव्हता. कोणती आई लेकीला तेथे सुखाने धाडील?

पुढे रिचर्ड मॉन्कटन मिल्न्स या गुणी गृहस्थांनी मागणी घातली. फ्लॉरेन्सबाईंचे मन त्यांच्याकडे ओढ घेत नव्हते असे नाही. तरीही १८४९ मध्ये त्यांनी नकार दिला. हा घाव आईच्या जिव्हारी लागला.

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी कैसरस्वर्थ येथे पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये रुग्णसेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचा आश्रम स्थापिला होता. १८५१ साली तेथे तीन महिने शिकण्याची मोकळीक फ्लॉरेन्सबाईंना मिळाली. त्या वेळी आई व बहीण कार्ल्सबादच्या औषधी झऱ्यांवर प्रकृतीसाठी राहिल्या होत्या, आणि आपली मुलगी कोठे आहे ही गोष्ट त्यांनी चारचौघांपासून लपवून ठेविली.

अखेर ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हाती आली. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले. इंग्लंडच्या मंडळीतील स्त्रियांनाच तेथे घ्यावे, असा समितीचा आग्रह होता. कॅथॉलिक व यहुदी स्त्रियांनाही प्रवेश मिळावा आणि त्यांच्या धर्मगुरूंना त्यांस भेटता यावे, या अटीवर फ्लॉरेन्सबाई अडून बसल्या; समितीला नमावे लागले. पाचारणाच्या दिवसापासून येथवर सोळा वर्षे लोटली होती.

क्रिमियाच्या युद्धाची कथा तुम्ही जाणताच. ३८ परिचारिका घेऊन ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या स्कुटारीला पोहोचल्या. या परिचारिकांत कॅथॉलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन भगिनी होत्या, इस्पितळांतील पगारी बायकाही होत्या. त्यांच्यातील पंथांचे तंटे मिटविताना फ्लॉरेन्सबाई मेटाकुटीस आल्या. त्या हिवाळ्यात मृत्यूंची संख्या भयंकर वाढली. मार्च १८५५ मध्ये सरकारी आरोग्य आयोगाने इमारतीखालची गटारे उपसून हवापाण्याची सोय केल्यावरच ती झपाट्याने उतरली. युद्धानंतर आकडे तपासताना हे सत्य त्यांना पुरते कळले, आणि त्यांनी ते दडपले नाही. उलट पुढचे सारे आयुष्य स्वच्छतेच्या प्रसाराला वाहिले.

१८५५ मध्ये जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली. त्यानंतरचे बहुतेक काम त्यांनी अंथरुणावरूनच केले. १८६० मध्ये सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत; तथापि येथील गोऱ्या सैनिकांत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू होतात, हे १८६३ च्या अहवालातून त्यांनी जगापुढे मांडले. सैनिकांपासून आरंभ करून त्यांचे लक्ष पुढे येथील शेतकरी व खेडी यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

आता घराकडे वळू. जानेवारी १८७४ मध्ये वडील वारले. मुलगा नसल्याने वडिलोपार्जित मालमत्ता आत्याकडे गेली. आई वृद्ध, दृष्टी गेलेली, स्मृती विरत चाललेली. ज्या आईने लेकीला रुग्णसेवेपासून इतकी वर्षे अडविले, तिच्या वृद्धापकाळाचा भार त्या आजारी लेकीने उचलला. लंडनमधील कामे मागे ठेवून डर्बीशायरच्या जुन्या घरी त्या आईजवळ महिनेच्या महिने राहिल्या. यापायी महत्त्वाची कामे अडतात म्हणून त्यांची चिडचिडही होई. त्या काही देवदूत नव्हत्या. आईने फेब्रुवारी १८८० मध्ये, नव्वदी ओलांडून, देह ठेविला. पार्थेनोपीशीही पूर्वी कडाक्याचे खटके उडालेले. पण तिला सांध्यांच्या व्याधीने जखडल्यावर फ्लॉरेन्सबाई तिच्या क्लेडन येथील घरी वारंवार जाऊन राहू लागल्या. १२ मे १८९० रोजी, धाकट्या बहिणीच्या सत्तराव्या वाढदिवशीच, पार्थेनोपी निवर्तली.

मंडळीशी त्यांचे नाते सरळ नव्हते. काही रूढ मते त्यांना पटत नसत, आणि स्त्रियांच्या हातांना मंडळीने काम दिले नाही ही खंत त्यांना होती. तरी त्या मंडळी सोडून गेल्या नाहीत. ऑक्सफर्डचे विद्वान बेंजामिन जॉवेट घरी येऊन त्यांना प्रभुभोजन देत.

१३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच त्यांचे प्राण गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची तयारी दाखविण्यात आली, परंतु त्यांच्या इच्छेनुसार आप्तांनी ती नाकारली. सहा सार्जंटांनी शवपेटी खांद्यावर घेऊन ईस्ट वेलो येथील गावच्या चर्चपर्यंत नेली. तेथे आईवडिलांच्या थडग्यातच त्यांना ठेवण्यात आले. दगडावर त्यांच्या नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची नोंद कोरलेली आहे.